धुरपदाबाईचं उखळ

धुरपदाबाई माती चाखून घेत असे. आपण भाजीचं मीठ बघतो तशी चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, मग बाजूला थुंकून सांगायची, "नाई चालायची. गोडी हाये." गोडी म्हणजे पाणी पिणारी माती. घराच्या छताला लागते ती खारी, पांढरट, जिभेला झोंबणारी. तिचा चार बोटं थर नीट तुडवून बसवला की वरून कितीही कोसळो, आत थेंब येत नाही. आमच्याकडच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांचं सगळं गुपित त्या मातीत आहे. ती मिळते जुन्या गावाच्या जागी, जिथे पिढ्यान् पिढ्या चुली पेटल्या, गुरं बांधली, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, तिथे.

मी नागपूरला बी. ए. केलं. पण माती खारी असते आणि गोडी असते हे मला लग्नानंतर सात-आठ वर्षांनी, एका तलावाच्या काठी, निरक्षर बाईकडून कळलं. तिच्याविषयी लिहायचं किती दिवस मनात होतं. दिवसा जमत नाही, म्हणून सुलभा झोपल्यावर बसले आहे. धुरपदाबाईशी मी वाईट वागले की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून जे घडलं ते जसं आठवतं तसं लिहिते.

कुसुमझिरीचा तलाव बऱ्हाणपुरापासून पाच कोसांवर, डोंगराच्या पोटात आहे. तीन बाजूंना साग, सालई आणि पळसाचं रान, चौथ्या बाजूला मातीचा बांध. ज्या पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला त्याच पावसाळ्यात इथे पहिल्यांदा पाणी चढलं आणि कुसुमझिरी गाव त्याच्याखाली गेलं. माणसं वर रानाच्या कडेला आली. गवताच्या झोपड्या घातल्या आणि उद्या-परवा घर बांधू म्हणत त्यांतच राहिली.

आठ वर्षांनी तिथे सरकारी शाळा निघाली आणि माझे यजमान विनायकराव मास्तर म्हणून आले. त्यांच्या डोक्यात पुष्कळ गोष्टी होत्या. त्यांतली एक अशी की माणसानं घर बांधावं ते पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचं. पत्रा नको, सिमेंट नको. रानानं दिलेलं लाकूड, तलावानं दिलेली माती, आणि शंभर वर्षांनी ते घर पडलं तर ज्याचं त्याला परत. दर शनिवारी वडाखाली बसून ते हे लोकांना सांगत. लोटू गाडीवान पहिल्याच शनिवारी म्हणाला, "मास्तर, घराचं ठीक हाये. पन बायको तं तुम्ही पाच मैलाच्या भाईरची केली!" सगळे हसले. हेही हसले. पण नियम तोच राहिला.

दोन वर्षांत दहा घरं बांधायची ठरलं. लाकूड लोकांनी तोडलं, भिंती सगळ्यांनी मिळून चढवल्या. छताचं काम मात्र एकट्या धुरपदाबाईच्या हाताखाली. तेव्हा ती चाळिशीची असेल. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर आण्याएवढं कुंकू. तिचं नऊवारी लुगडं कायम गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं असायचं. सागाच्या कड्यांवर, म्हणजे आडव्या वाशांवर, बांबूची कामटं, त्यावर पळसाची पानं, त्यावर वाळवी लागू नये म्हणून निंबाचा पाला, मग चिखल, मग खारी. कुठे काय किती, हे ती हातानं मोजायची.

खारी आणायची ती तलावातून. चैत्रात पाणी ओसरलं की जुन्या गावाची जागा उघडी पडे. भिंती विरघळून नुसते पांढरे ढीग उरलेले, पण धुरपदाबाईला कुठला ढीग कुणाचा ते पाठ. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. ती बोट दाखवत चालली होती, "ही तेलीणबाईची पडवी. हे मारुतीचं देऊळ, इथली घेवाची नाई. आन् हा पाटलाचा वाडा. ही माती सगळ्यात चांगली."

"पाटलाची का चांगली?"

"पाटलानं हयातभर कोनाले घोटभर पानी देल्लं नाई. त्याची माती कशी गळन?"

मास्तराचं घर सगळ्यांत शेवटी, असा यांचा आग्रह. त्यामुळे नऊ घरांवर धाबी चढली तरी आम्ही गवताखालीच होतो. आणि सुलभाला गवताखाली नीट श्वास घेता येत नव्हता.

ती सहा वर्षांची. पावसाळ्यात गवत ओलं झालं, त्याला कुबट वास सुटला की तिची छाती वाजू लागे. उशीला टेकून बसायची, ओठ निळसर, आणि माझ्याकडे बघायची. मुलं अशी बघतात की आपल्याला काहीतरी करता येतंच असणार. बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाई, औषध देतो, पण घर बदला. हा गवताचा धूळ-बुरा तिला सोसत नाही. पुढचा पावसाळा तिला गवताखाली काढू देऊ नका." मी टांग्यात बसेपर्यंत तेच शब्द मोजत होते. पुढचा पावसाळा.

त्याच हिवाळ्यात राज्यं बदलली. आमचं काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. धुरपदाबाईनं एकदा चिखल तुडवता तुडवता विचारलं, "बाई, आपुन आता कोन्या राज्यात?"

"मध्य प्रदेशात."

"आधी कोन्या होतो?"

"मध्य प्रदेशातच."

"मंग बदललं काय?"

"राजधानी नागपूरची भोपाळ झाली. आणि नकाशा बदलला."

तिनं पायानं चिखल एका कडेला लोटला. मग म्हणाली, "मंग कोनाचं पत्र याचं असलं तं?"

"येईल की."

"कोन्या पत्त्यावर? गाव तं पान्यात हाये."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. मी हसले. ती हसली नाही, हे नंतर आठवलं.

नागपूरकडचा भाग मुंबई राज्यात गेला, म्हणून सरकारी नोकरांना एक कागद आला होता. मुंबई राज्यात जायचं की इथेच राहायचं ते भरून द्या. यांनी त्यावर लिहिलं, "जिथे शाळा असेल तिथे." कागद खंडव्याच्या कचेरीतून परत आला. कारकुनानं लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, एकच लिहा. तेव्हा सुलभाचा दमा जोरावर होता. यांनी कागद माझ्यापुढे टाकला, "तूच लिही." मी 'मुंबई राज्य' लिहिलं. जळगाव, अमळनेर, पुणे, जिथे मोठी इस्पितळं असतील तिथे. आणि मग आम्ही दोघं तो कागद विसरलो, किंवा विसरलो असं समजलो.

चैत्र उजाडला. आमच्या भिंती उभ्या, कड्या चढलेल्या, कामटं बांधलेली. फक्त खारी हवी होती. आणि तळ्यात खारी उरली नव्हती. नऊ घरांनी सगळं गाव वर आणलं होतं. पाटलाचा वाडा संपला, तेलीणबाईची पडवी संपली. उरला होता एकच ढीग, गावाच्या टोकाला, जरा उंचवट्यावर. पाणी ओसरताना तो सगळ्यांत आधी वर यायचा. पांढराशुभ्र, दहा-बारा गाड्या माती सहज निघेल इतका. धुरपदाबाईनं त्याला दोन वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता.

मी तिला विचारलं. ती आमच्याच अंगणात निंबाचा पाला खुडत होती.

"त्याले हात नाई लावाचा, बाई."

"पण का?"

"नाई म्हनजे नाई. पावसाले टाइम हाये. मी शाहपूरकडून पाहातो कुठी भेटली तं."

शाहपूर पाच मैलांच्या कितीतरी बाहेर. मी रात्री यांना म्हटलं, एक वेळ नियम मोडा. हे म्हणाले, "दहाव्या घराला मोडला तर बाकीच्या नऊ घरांना मी काय सांगू?" आणि वर हेही म्हणाले, की तिच्या मनात नसेल तर तो ढीग घेऊ नये. मग काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. चांगल्या माणसांचं हे मला कधी कळलेलं नाही.

त्या ढिगाचं कारण मला लोटूनं सांगितलं. ते तिचं सासरचं घर. तिचा नवरा कौतिक पाणी चढायच्या आदल्या दिवाळीनंतर दोघा गड्यांबरोबर निजामाच्या मुलखात, जालन्याकडे, सरकी काढायच्या कारखान्यात कामाला गेला. जाताना म्हणाला, पाऊस पडायच्या आत घरी येतो. पाऊस पडला, गाव बुडालं, पुढच्या वर्षी तिकडे मोठी धामधूम झाली, निजामाचं राज्य गेलं. कौतिक आला नाही. तिकडून आलेलं कुणी म्हणे, तो निघाला होता, स्टेशनच्या गर्दीत चुकला. दुसरं कुणी म्हणे, त्यानं तिकडे दुसरं घर केलं. पत्र कोण लिहिणार? नवराबायको दोघांनाही अक्षर येत नव्हतं.

"आन् ही म्हनते," लोटू तंबाखू मळत म्हणाला, "त्याले घरच मालूम हाये, दुसरं काई मालूम नाई. तो येईल तं ढिगावर येईल. दहा वर्सं झाली! तिच्या झोपडीचं दार पाहा, ढिगाच्याच तोंडासमोर. येडी हाये बिचारी."

म्हणजे मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशीण माहेरी जातेच, मग ती वीस वर्षांची असो की पन्नास. झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस कुणी तिला कामाचं विचारत नाही. धुरपदाबाई शाहपूरला भावाकडे गेली. जाताना सुलभाला म्हणाली, "तुह्यासाठी सांजोऱ्या आनतो."

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लोटूला बोलावलं.

"बाई, ती माले खाईल," तो म्हणाला.

"मी सांगेन तिला."

"काय सांगसान?"

मी आत गेले आणि सुलभाला बाहेर घेऊन आले. आदल्या दिवशी वाऱ्याबरोबर गवतातली धूळ पडली होती, तिची छाती वाजत होती. लोटूनं ऐकलं. आणि बैल जुंपले.

दोन दिवसांत अकरा गाड्या झाल्या. यांनी शाळेतून येताना अंगणातला ढीग पाहिला. "विचारलंस तिला?"

"विचारलं होतं," मी म्हणाले. ते खरं होतं. ती काय म्हणाली, ते यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी ती आली. हातात नव्या बांगड्या, फडक्यात सांजोऱ्या. अंगणातली माती सागाच्या पानांनी झाकलेली होती. तिला आनंद झाला. "भेटली? कुठची?" म्हणत तिनं पान सारलं, चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

डोळे मिटले ते तिनं बराच वेळ उघडले नाहीत. थुंकलीही नाही. लोटू बैलाच्या पाठीवरून उगीचच हात फिरवत होता. मी दारात उभी होते, आणि इतके दिवस मनात जुळवलेलं सगळं बोलणं, डॉक्टर काय म्हणाले, पावसाला किती दिवस उरले, मला एकदम इंग्रजीत आठवू लागलं. कॉलेजात वादविवादाला उभं राहिल्यासारखं.

"किती गाड्या?" तिनं लोटूला विचारलं.

"अकरा."

"आन् घरातलं उखळ?"

"तिथंच हाये. उघडं पडलं. त्याले नाई हात लावला, तुही आन."

ती मातीजवळ खाली बसली. तिनं तळ्याकडे पाहिलं नाही. आमच्या अंगणातून तळं दिसतं. सुलभा बाहेर आली आणि तिच्या फडक्याकडे बघत उभी राहिली. धुरपदाबाईनं तिच्या हातात एक सांजोरी दिली, पदर खोचला आणि उठली.

"पानी आना," ती म्हणाली. "आज भिजू घातली तं परवा चढन."

पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सुलभाशी बोलायची, लोटूला शिव्या द्यायची, यांना 'गुरुजी, कडी धरा' म्हणायची. मी तिच्याबरोबर चिखल तुडवला. कुणी सांगितलं नव्हतं. पायांना भेगा पडल्या. ती माझ्या शेजारी तुडवत होती आणि आमचे पाय एकाच तालात पडत होते, तरी ती बोलली नाही. मला वाटत होतं, तिनं छत मुद्दाम कच्चं केलं तर? रागानं एखादी फट ठेवली तर? मग लाज वाटायची. मग पुन्हा वाटायचं. शेवटच्या थराला ती गुडघ्यांवर बसून, तळहातानं, तान्ह्या मुलाला तेल चोळावं तशी माती दाबत गेली. इतकं काम तिनं पाटलाच्या मातीवरही केलेलं मी पाहिलं नव्हतं. ते माझ्या मुलीसाठी होतं की त्या मातीसाठी, कोण जाणे.

छत झालं त्या संध्याकाळी लोटूची गाडी पुन्हा आली. त्यात ते उखळ. काळ्या दगडाचं, वजनदार, काठाचा एक मोठा टवका उडालेला. तिनं ते आमच्या ओट्यावर, दाराच्या उजव्या बाजूला बसवायला लावलं, भोवती चिखल लिंपला आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे इथून हालवजा नका. आमच्या लग्नाच्या साली त्यानं बऱ्हानपूरच्या बुधवाऱ्यातून आनलं. रस्त्यात गाडीवरून पडलं आन् काठ फुटला. तवा लय हासलो होतो आमी. आता तो आला तं तिथं नुस्तं पानी पाहील. पान्याकडून रस्ता तुमच्याच दारावरून हाये. पानी मागन. बसन. हे पाहील तं वळखील, आन् इचारील. मी कुठी कामाले गेली असली तं तुम्ही सांगजा."

"काय सांगू?"

"धुरपदा इथंच हाये म्हना."

मी हो म्हटलं. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं.

पावसाळा आला. मी पहिले आठ दिवस छताकडे बघतच काढले. एकदा कोपऱ्यात ओल दिसली. मी निरोप धाडायच्या आतच ती भर पावसात टोपली घेऊन वर चढलेली होती. वरून तिचे पाय वाजत होते, थप थप. ओल थांबली. सुलभाचं म्हणाल तर त्या चार महिन्यांत तिला दोनदाच धाप लागली, तीही थोडी. ती उताणी झोपू लागली. मी कितीतरी वर्षांत तिला उताणं झोपलेलं पाहिलं नव्हतं. आणि तिच्या डोक्यावर कौतिकचं घर होतं. हे दोन्ही एकदम मनात आलं की मला काय वाटायला हवं ते कळत नसे.

भाद्रपदात एक माणूस आला.

दुपार होती. हे शाळेत. धुरपदाबाई तीन कोसांवर कुणाचं तरी छत करायला गेलेली. माणूस पन्नाशीचा, दाढीचे पांढरे खुंट, काखेत गाठोडं. "बाई, पानी भेटन?" मी तांब्या दिला. तो ओट्यावर बसला. पाणी प्यायला, तळ्याकडे बघत राहिला.

"लय पानी भरलं."

"हो, यंदा पाऊस चांगला."

"कुसुमझिरी इथंच होती ना?"

"होती. खाली आहे."

त्यानं मान डोलावली. त्याचा हात उखळावर होता. बोटं हळूहळू काठावरून फिरली आणि फुटक्या जागेपाशी थांबली.

"जुनं हाये," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

एवढंच. पुढे त्यानं विचारलं नाही. ती म्हणाली होती, तो विचारील, मग सांगा. तो विचारण्याची मी वाट पाहत होते. असं मी स्वतःला नंतर सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मी धुरपदाचं नाव घेतलं असतं आणि त्यानं विचारलं असतं, माझं घर कुठे गेलं, तर मला वर बोट दाखवावं लागलं असतं. आणि तो कौतिक नसलाच, वाटसरूच असला, तर त्या बाईला दहा वर्षांनंतर मी उगीच काय सांगायचं?

"नाव काय तुमचं?" मी एवढंच विचारलं.

तो जरा थांबला. "यादव."

"कुठून आलात?"

"लांबून," म्हणून त्यानं गाठोडं उचललं आणि पळसांतून बऱ्हाणपूरच्या वाटेला लागला.

दोन दिवसांनी मी लोटूला सहज विचारल्यासारखं विचारलं, यादव नावाचं कुणी होतं का गावात. तो म्हणाला, "होता ना. कौतिकसंग गेला होता. पन तो तं तिकडंच मेला म्हनतात." मग माझ्याकडे बघून, "काहून?"

"काही नाही," मी म्हणाले.

मी कुणालाच सांगितलं नाही. यांनाही नाही. धुरपदाबाई परत आली, ओट्यावर बसून चहा प्यायली, उखळातली पानं झाडून गेली. नेहमीसारखी. तिच्या विचारण्याला मी भीत होते, पण ती विचारत नसे. 'कोणी आलं होतं का' असं तिनं मला कधीही विचारलं नाही.

हिवाळा गेला. परवा खंडव्याहून हुकूम आला. यांची नेमणूक जळगाव जिल्ह्यात, जूनपासून. मी भरलेला कागद दीड वर्षानं परत आला होता. यांनी तो वाचून घडी घालून ठेवला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. सुलभाला इथलं छत सोसतं. तिथे काय असेल? पत्रा? भाड्याची कौलं? ज्या मोठ्या इस्पितळासाठी मी 'मुंबई राज्य' लिहिलं, त्याची आता तिला गरजच नसेल, आणि गेल्यामुळेच पडेल. हे असं डोक्यात फिरत राहतं.

आज धुरपदाबाई आमच्या छतावर होती. धाब्याला दरसाल पावसाआधी पातळ थर द्यावा लागतो. ती वर तुडवत होती, मी खाली शिडीपाशी टोपल्या देत होते. मी सांगितलं की आम्ही जाणार. थप थप चालूच राहिली. मग मी दुसरंही सांगितलं. भाद्रपदातलं. सगळं, जसं इथे लिहिलं तसं, भीतीसुद्धा.

पाय थांबले.

ती शिडीवरून उतरली. हात लुगड्याला पुसले. मला वाटलं, आता ती मला बोलेल. बोलली असती तर बरंच होतं. तिनं विचारलं, "काठावर हात कोनता फिरवला?"

"म्हणजे?"

"उजवा का डावा? त्याचा डावा चालाचा."

मी आठवू लागले. मला त्याच्या दाढीचे खुंट आठवत होते, गाठोड्याची गाठ आठवत होती, तो 'लांबून' म्हणाला तेव्हा झालेला आवाज आठवत होता. हात आठवेना. ओट्यावर बसून पाहिलं. उखळ दाराच्या उजवीला, तो तळ्याकडे तोंड करून बसलेला, म्हणजे उखळ त्याच्या... पण तो मधेच वळला होता. वळला होता का? मी उठून पुन्हा बसले.

तेवढ्यात सुलभा दारातून म्हणाली, "डावा. मी पाहिलं. मी आत झोपले नव्हते."

धुरपदाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मीही. मग मी विचारलं, "सुले, तुझा डावा हात कोणता?"

तिनं मोठ्या विश्वासानं उजवा हात वर केला.

धुरपदाबाईनं त्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं. मग तिला हसू आलं. खदखदून, पोट धरून, चिखलाच्या हातानं तोंड झाकून ती हसली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी हसण्याचंच होतं का, हे मी विचारलं नाही. सुलभा रडवेली झाली, तेव्हा तिनं तिला जवळ ओढलं.

"पानी देल्लं होतं ना त्याले?" तिनं मला विचारलं.

"हो. तांब्याभर."

"पेला सगळं?"

"सगळं."

"मंग ठीक हाये." आणि पदर खोचत, "टोपली द्या बाई. आज उरकलं पायजे, उद्या माले दुसरीकडं जाचं हाये."

"धुरपदाबाई, तो होता की नव्हता?"

तिनं शिडीवर पाय ठेवला होता. ती खाली न बघता म्हणाली, "तुमच्या जागी येनारा मास्तर कसा हाये कोन जाने. त्याच्या बायकोले सांगून जासान ना?"

तेव्हाच मी ठरवलं की हे आज लिहूनच ठेवायचं. एक प्रत माझ्याजवळ राहील आणि एक शाळेच्या कपाटात, हजेरीपटांच्या खाली. जी कोणी बाई या घरात येईल तिला माझं एवढंच सांगणं. छत दरसाल आखाजीच्या आसपास धुरपदाबाईकडूनच करून घ्या, आणि ती माती आहे कुणाची हे मुलांना सांगितलंत तरी चालेल. ओट्यावरचं उखळ हलवू नका. कुणी वाटसरू पाणी मागायला आला आणि त्याचा हात फुटक्या काठावर थांबला, तर त्यानं विचारायची वाट बघू नका. आधी सांगा, धुरपदा इथंच आहे. आणि तांब्या देताना तो कोणत्या हातानं घेतो, तेवढं नीट पाहून ठेवा.